पारख

बैलाचा ओठ वर करून दात मोजणारी आणि 'चार दाती आहे, निर्धास्त राहा' असा निकाल क्षणात देणारी माणसे आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या आठवडी बाजारांतून अद्यापि आढळतात. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या, तथापि ही विद्या समूळ नाहीशी झालेली नाही. अशा एका म्हाताऱ्या पारख्याशी माझा थोडा स्नेह होता. जनावराच्या भोवती तो एकच फेरी घाली. खूर पाही, वशिंड चाचपी, थोडे चालवून पाही, आणि मग घेणाऱ्याच्या हाताशी आपला हात रुमालाखाली भिडवून बोटांच्या खुणांनी भाव सांगे. भोवती शंभर माणसे उभी असली तरी तो आकडा दोघातिघांपलीकडे कोणास कळत नसे. "इतके पाहिल्यावर आणखी काय पाहायचे राहते?" असे मी त्याला एकदा विचारले. तो म्हणाला, "राह्यते ना, सर. मन राह्यते. ते जुवाखाली गेल्यावरच समजते."

कापसाची पारख याहूनही नाजूक. ग्रेडर गाडीतून मूठभर कापूस उचलतो, दोन्ही हातांच्या चिमटींत धरून हळूच ओढतो, सुटलेल्या धाग्याची लांबी नजरेनेच मापतो, ओल तळहाताने ओळखतो, कवडी किती आहे ते पाहतो आणि प्रत लिहून मोकळा होतो. १९७२ पासून पुढे सुमारे तीन दशके महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस द्यायचा तो सरकारी केंद्रावरच. दुसरा गिऱ्हाईक नाही. बैलगाड्यांची ती रांग, गाडीखाली काढलेली रात्र आणि सकाळी उगवणारा तो ग्रेडर मला अजून दिसतो. त्याच्या एका चिमटीवर आमच्या घरचे सबंध वर्ष अवलंबून असे. वडील त्या वेळी कापसाकडे न पाहता त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असत.

हा अनुभव गाठीशी असल्यामुळेच की काय कोण जाणे, क्रिकेटच्या खेळाडूंचा जाहीर लिलाव पाहून माझ्या बरोबरीच्या मंडळींना जो धक्का बसतो तो मला बसत नाही. 'माणसांचा बाजार मांडला आहे!' असे ते म्हणतात आणि दूरदर्शनचा संच बंद करतात. परंतु नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या उमेदवाराची आणि पोह्यांची बशी घेऊन आलेल्या मुलीची पारख आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलोच आहोत. ती रुमालाखाली होते म्हणून सभ्य दिसते. येथे रुमाल काढून टाकला आहे, एवढाच काय तो फरक. मला कुतूहल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. एवढा पैसा, एवढे पारखी, चित्रफिती, आकडेशास्त्री दिमतीला असताना हा अंदाज इतक्या वेळा चुकतो कसा, आणि तो चुकला म्हणजे त्याचे मोल कोणाला द्यावे लागते?

नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा शहरी इंडियन प्रीमियर लीगचा मोठा लिलाव दोन दिवस चालला. नावे नोंदविली होती १,५७४ खेळाडूंनी. विकले गेले १८२. संघ दहा, प्रत्येक संघाची थैली १२० कोटींची, तीतून आधीच राखून ठेवलेल्या खेळाडूंची रक्कम वजा, आणि संघात माणसे जास्तीत जास्त २५. ऋषभ पंत याला लखनौने २७ कोटी दिले. हे आकडे ऐकून आपले डोळे दिपतात आणि खरी मौज नजरेआड होते. ही मौज थैलीच्या हिशेबात आहे. दिवाळीच्या बाजारात पहिल्याच दुकानी हात सैल सोडणारा गृहस्थ संध्याकाळी पणत्यांसाठी घासाघीस करताना दिसतो, तशीच काही संघांची स्थिती होते. म्हणून मुरलेले संघ आधी प्रतिस्पर्ध्याची थैली मोजतात. ज्याला आपल्याला घ्यायचेच नाही अशा खेळाडूवरही दोन बोल्या लावून दुसऱ्याला खर्चात पाडतात. ज्या मुलाचे नाव यादीत लवकर पुकारले जाते त्याला तुंबलेला पैसा भेटतो. उशिरा पुकारलेल्याला उरलेली चिल्लर. दोघांच्या खेळात यत्किंचितही अंतर नसेल, परंतु यादीतील जागेत असते.

दुसरी गोष्ट अशी की, लिलावाला आलेला संघ उत्तम खेळाडू शोधत नसतोच. तो आपल्या संघातले भगदाड बुजविणारा खेळाडू शोधत असतो. फेब्रुवारी २०१६ च्या लिलावात पवन नेगी या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची पायाभूत किंमत होती ३० लाख. दिल्लीने त्याला साडेआठ कोटी दिले आणि त्या दिवशी विकल्या गेलेल्या भारतीयांत तो सर्वांत महाग ठरला. पुढच्याच वर्षी दिल्लीने त्याला सोडले आणि बंगळूरने एका कोटीला घेतले. एका वर्षात त्या तरुणाची विद्या साडेसात कोटींनी उतरली होती काय? उतरली होती ती त्या जागेची निकड. मात्र वर्तमानपत्रांत बातमी येते ती माणसाचा भाव पडल्याची, आणि ती त्याच्या आईलाही वाचावी लागते.

मग पैशाची बोलीच नको, पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडून घ्यावा, असे कोणी म्हणेल. तोही प्रयोग आपल्याकडे झाला आहे. २००८ च्या मार्चमध्ये एकोणीस वर्षांखालील मुलांचा भारतीय संघ क्वालालंपूरहून विश्वचषक जिंकून आला, तेव्हा लीगमधील संघांनी त्या मुलांची अशीच वाटणी करून घेतली. दिल्लीच्या संघात सेहवाग-गंभीरांसारखे फलंदाज भरलेले होते. त्यांना गोलंदाज हवा होता. त्यांनी प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला, आणि दिल्लीचाच रहिवासी असलेला त्या संघाचा कर्णधार बंगळूरच्या वाट्याला गेला. त्याचे नाव विराट कोहली. आज हे वाचून आपण हसतो. परंतु त्या दिवशी दिल्लीचा हिशेब गैर नव्हता. ज्याच्या घरी धान्याची कणगी भरलेली आहे तो बाजारात तेल-मीठच शोधणार.

या पाळीच्या निवडीचे माहेर अमेरिका. तेथल्या फुटबॉलमध्ये (हा हातात चेंडू घेऊन धावायचा, अंगाला अंग भिडवायचा खेळ आहे, आपला फुटबॉल नव्हे) धंदेवाईक संघांना खेळाडू पुरवितात ती महाविद्यालये. १९३६ पासून तेथे दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंची अशी निवड होत आली आहे. गेल्या हंगामात जो संघ तळाशी राहिला त्याला पहिली पाळी, विजेत्याला शेवटची. त्यामागचा हेतू उदात्त. दुबळा कायमचा दुबळा राहू नये. परंतु खेळाडूच्या बाजूने पाहिले तर ही आमची एकाधिकार योजनाच झाली. ज्या संघाने नाव उच्चारले त्याच्याशीच बोलणी करायची. दुसरा गिऱ्हाईक नाही. पहिल्याच वर्षी सर्वांत आधी निवडला गेलेला जे बर्वॅंगर हा शिकागोचा खेळाडू धंदेवाईक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. रक्कम पटली नाही, तो सरळ दुसऱ्या उद्योगाला लागला. पहिल्याच ग्रासाला लागलेला हा खडा अमेरिकनांना अजून आठवतो. (त्याच १९३६ साली आमच्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये कबड्डी आणि देशी व्यायाम दाखवून आले. त्यांच्यावर बोली लावायला कोणी बसले नव्हते.)

आता तर तिकडे ही पारख म्हणजे एक शास्त्रच झाले आहे. चाळीस यार्ड धावायला किती सेकंद लागतात, पंजाची लांबी किती, उभ्या उभ्या उडी किती उंच जाते, सगळे मोजून लिहितात. थोडक्यात, दात मोजतात. सन २००० मध्ये टॉम ब्रेडी नावाचा तरुण या मोजमापाला उभा राहिला. धावण्यात तो मंद, अंगाने किरकोळ. चेंडू कोणाकडे फेकायचा हे ठरविणाऱ्या म्होरक्याची त्याची जागा. त्या जागेचे सहा जण त्याच्या आधी निवडले गेले आणि त्याचे नाव १९९ वे लागले. पुढे त्याने सात वेळा विजेतेपद मिळविले. यावरून मोजमाप निरर्थक असे मी म्हणत नाही. हजारो मुलांतून दोनशे निवडायचे तर काहीतरी मोजावेच लागते. परंतु घड्याळाला पाय दिसतात. तीन मिनिटे उरली असता आणि संघ मागे असता त्या मुलाचे डोके किती थंड राहते, हे दाखविणारे घड्याळ अद्याप निघालेले नाही.

इतके दूर जाण्याचे कारण आमच्याच वऱ्हाडातील दोन मुलांची गोष्ट मला सांगायची आहे. अक्षय कर्णेवार हा आमच्या यवतमाळ जिल्ह्याचा, १९९२ सालचा. जितेश शर्मा अमरावतीचा, त्याहून एका वर्षाने लहान. दोघेही विदर्भाकडून खेळणारे. ज्या लिलावात नेगीला साडेआठ कोटी मिळाले त्याच २०१६ च्या लिलावात हे दोघे विकले गेले. अक्षय बंगळूरला, जितेश मुंबईला, आणि दोघांचीही किंमत एकच, १० लाख. त्या हंगामात दोघांनाही एकही सामना मिळाला नाही.

अक्षयचे वैशिष्ट्य असे की तो दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो. लहानपणी तो उजव्या हाताने फिरकी टाकी. पण क्षेत्ररक्षण करताना डाव्या हाताने चेंडू फेकी. हे प्रशिक्षकाच्या नजरेस आले आणि त्याने डाव्या हातानेही गोलंदाजी करून पाहण्यास सांगितले. पारख म्हणतात ती ही! मुलगा जे दाखवायला आला होता ते सोडून त्याने नकळत दाखविले ते पाहणे. सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव-सामन्यात अक्षयने समोरचा फलंदाज उजवा की डावा हे पाहून हात बदलला आणि देशभर त्याचे नाव झाले. त्यानंतर विदर्भाने लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. फेब्रुवारी २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध पहिल्या डावात अक्षयने नाबाद ७३ धावा केल्या. विदर्भाचा विजय ७८ धावांचा होता. त्या सामन्यात अकरा बळी घेणाऱ्या आदित्य सरवटेचे कौतुक झाले ते योग्यच, परंतु हिशेब मांडणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पुढच्याच आठवड्यात इराणी करंडकाच्या सामन्यात शेष भारताविरुद्ध त्याने शतक केले.

आणि मग ८ नोव्हेंबर २०२१. मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली. चारही निर्धाव, धावा शून्य, बळी दोन. वीस षटकांच्या पुरुषांच्या क्रिकेटमध्ये असे पूर्वी कोणी केले नव्हते. दुसऱ्याच दिवशी सिक्कीमविरुद्ध त्याने ओळीने तीन बळी घेतले. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, मोठा लिलाव झाला. दहा संघांच्या अंतिम याद्यांत अक्षय कर्णेवार हे नाव नव्हते.

यात अन्याय झाला असे म्हणून टेबलावर मूठ आपटणे सोपे आहे. मी स्वतः ती काही काळ आपटलीही. परंतु पारख्याच्या आसनावर बसून पाहिले तर त्याचे म्हणणेही ऐकावे लागते. मणिपूर आणि सिक्कीम ही राज्ये राष्ट्रीय स्पर्धांत २०१८ नंतर आलेली. त्यांच्या फलंदाजांपुढचे शून्य आणि मुंबईच्या फलंदाजांपुढच्या वीस धावा यांत जड काय? बरे, दोन हातांची विद्या अपूर्व खरी. पण संघाच्या आराखड्यात तिच्यासाठी कप्पा आहे कोठे? डावरा फिरकी गोलंदाज हवा असेल तर त्यांच्याकडे त्याहून चांगला डावरा आहे, उजवा हवा असेल तर उजवा आहे. दोन्ही हात मिळून जो एक निराळाच गोलंदाज होतो, त्याचे नाव कोणाच्याच यादीत लिहिलेले नसते. आमच्या ग्रेडरच्या वहीत जशा ठरलेल्या प्रती, त्यांबाहेरचा कापूस आला की तो सर्वांत खालच्या प्रतीत घाली, तसेच हे.

याला पुरावा पुढे मिळाला. ३ एप्रिल २०२५ रोजी कोलकात्यात श्रीलंकेच्या कामिंदू मेंडिसने हैदराबादकडून एका षटकात दोन्ही हातांनी चेंडू टाकले. या लीगच्या इतिहासात असे प्रथमच घडले. षटकात धावा चार, बळी एक. आणि कर्णधाराने त्याला त्या दिवशी पुन्हा चेंडू दिला नाही! मला त्या क्षणी मणिपूरचे ते शून्य आठवले आणि हसू आवरेना.

जितेशची कथा उलट्या अंगाने जाते. मुंबईने त्याला मैदानावर न उतरविताच सोडले, आणि पुढची काही वर्षे तो या झगमगाटाबाहेरच होता. २०२२ मध्ये पंजाबने त्याला २० लाखांना घेतले तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता, म्हणजे पारख्यांच्या भाषेत जुळलेल्या दातांचा. मधल्या काळात या मुलाने एक शहाणपणाचे काम केले होते. सलामीला खेळणारे फलंदाज देशात पोत्याने मिळतात; शेवटच्या चार-पाच षटकांत येऊन पहिल्याच चेंडूपासून फटके मारणारा भारतीय यष्टिरक्षक दुर्मिळ, हे ओळखून त्याने आपली जागाच बदलली. आपल्या गुणांना बाजारात कप्पा नाही असे दिसल्यावर कप्प्याच्या मापाने गुण बेतले. २०२४ च्या लिलावात बंगळूरने त्याला ११ कोटी दिले. २७ मे २०२५ च्या रात्री लखनौमध्ये २२८ धावांचे लक्ष्य समोर असता त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या, आणि आठवड्याभरात बंगळूरने पहिल्यांदा चषक उचलला. दहा लाखांचे अकरा कोटी! परंतु २०२२ मध्ये पंजाबने त्याला नुसते विकत घेऊन बाकावर बसविले असते तर? खरेदीचा दिवस आणि खेळायला मिळण्याचा दिवस हे दोन निरनिराळे दिवस आहेत, आणि कित्येकांच्या आयुष्यात दुसरा उगवतच नाही.

हे सारे मी इतक्या तपशिलाने जमा केले ते निव्वळ हौसेने नव्हे. माझा एक भाचा दारव्ह्याहून बारावीसाठी माझ्याकडे येऊन राहिला आहे. उजव्या हाताने फिरकी टाकतो, आणि बरी टाकतो. गेल्या वर्षी एका संस्थेच्या निवड-चाचणीसाठी मी त्याला घेऊन गेलो. छातीवर क्रमांक टाचून काही शे मुले उन्हात उभी होती. चार तासांनी आमचा क्रमांक आला. सहा चेंडू. तिसऱ्या चेंडूच्या वेळी निवडणारे गृहस्थ चहावाल्याशी बोलत होते, आणि नेमका तोच चेंडू सुंदर वळला. परतीच्या एस. टी.त मुलगा कळंबपर्यंत एक शब्द बोलला नाही.

त्यानंतर बहिणीचा फोन आला. मेहुणे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घरची चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस. अभियांत्रिकीसाठी म्हणून बाजूला ठेवलेली थोडी रक्कम आहे. मुलगा म्हणतो, एक वर्ष मला नागपुरास राहून खेळू द्या. "दादा, तू रोज पाहतोस त्याला. तूच सांग, आहे का त्याच्यात काही?" बहिणीने असे विचारल्यावर लिलावाच्या मेजाशी बसलेल्या लोकांविषयी मला प्रथमच खरा आदर वाटला. त्यांचे तर दुसऱ्याचे पैसे आणि दुसऱ्याचे मूल.

दोन दिवस विचार करून मी तिला कळविले की सहा चेंडूंवरून त्याला नाकारणारे जसे उतावळे, तसाच एका वळलेल्या चेंडूवरून त्याला नागपुरास पाठविणारा मीही ठरेन. रक्कम आहे तशी राहू दे. बारावी होऊ दे. तोवर त्याने पोस्टल ग्राउंडावर आणि जिल्ह्याच्या सामन्यांत दोन हंगाम टाकावेत. मी वही ठेवतो. बळी किती हे मी लिहिणार नाही, ते कोणीही लिहील. षटकार बसल्यानंतरचा पुढचा चेंडू त्याने कोठे टाकला, एवढेच लिहीन. बहिणीला हे उत्तर पटले की नाही ते कळले नाही. मेहुण्यांना पटले, कारण त्यात खर्च नव्हता.

वहीत आजवर सत्तेचाळीस नोंदी झाल्या आहेत. त्यांपैकी एकतीस वेळा पुढचा चेंडू भिऊन आखूड पडला आहे. मात्र शेवटच्या दहांत असे तीनच. भाच्याला मी हे आकडे दाखविलेले नाहीत. त्याला अक्षय कर्णेवारची गोष्ट तेवढी सांगितली, आणि त्याचा परिणाम असा झाला आहे की गेल्या पंधरवड्यापासून तो संध्याकाळी अंगणात डाव्या हातानेही चेंडू टाकू लागला आहे. काल त्यांतला एक शेजारच्या काकूंच्या तुळशीवृंदावनात गेला. चेंडू अजून त्यांच्याकडेच आहे, आणि तो मागायला कोणी जायचे यावर आमच्या घरात वाद चालू आहे.